तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डांच्या ओळीत खाना रिकामा का पडतो?

सोलापुरातल्या दुकानांसाठी चादरी-टॉवेलांची कॅटलॉग वेबपानं बनवणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. एका ओळीत तीन कार्डं (एका वस्तूचा फोटो-नावाचा चौकोन म्हणजे कार्ड), सगळ्यांना सीएसएस या मांडणीच्या भाषेत फ्लोट लेफ्ट, म्हणजे डावीकडे सरकून बसायचा नियम, तरी दुसऱ्या ओळीत डावीकडचा खाना मोकळाच. मार्जिन, म्हणजे कार्डाभोवतीची मोकळी जागा, शून्य केलं तरी भोक तसंच.

दोष मार्जिनचा नाही, उंचीचा आहे. समजा, पहिल्या कार्डावर ‘जकार्ड चादर, डबल बेड, दोन अभ्र्यांसह’ असं लांबलचक नाव आहे. ते दोन ओळींत मोडलं, म्हणून ते कार्ड 260 पिक्सेल उंच झालं, बाकीची 236. चौथं टॉवेलचं कार्ड वरून 236 पिक्सेलवर जागा मिळताच डावीकडे सरकायला लागतं आणि पहिल्याच्या खाली उतरलेल्या 24 पिक्सेलना अडतं. ते दुसऱ्याच्या खाली बसतं, पाचवं तिसऱ्याच्या खाली. सहाव्यालाही तो डावा खाना मिळत नाही, कारण नंतरचा लेफ्ट फ्लोट आधीच्याच्या डावीकडे जाऊ शकत नाही. त्याला आधीच्याच्या खालीच जावं लागतं.

मधलं कार्ड उंच असेल तर चौथं थेट तिसऱ्याच्या खाली जातं आणि दोन खाने रिकामे पडतात. तिसरं उंच असेल तर खाना रिकामा पडत नाही, फक्त पुढची ओळ 24 पिक्सेल खाली सुरू होते. म्हणजे अडकलेल्या कार्डाच्या लगेच डावीकडे, वरच्या ओळीत बघा. अडवणारं तिथंच सापडतं. खात्रीसाठी सगळ्या कार्डांना लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, ती जागा खाते आणि तपासणीच बिघडते. मग ब्राउझरच्या इन्स्पेक्ट खिडकीत उंच्या वाचा. एका फोटोची उंची 450 आणि दुसऱ्याची 452 असली, तरी तेवढं अडायला पुरतं.

जुनं पान मोडायचं नसेल तर 3एन+1 क्रमांकाच्या (पहिलं, चौथं, सातवं अशा) कार्डांना क्लिअर लेफ्ट द्या, म्हणजे ती आधीच्या लेफ्ट फ्लोटांच्या खालूनच सुरू होतात. मोबाइलवर दोनच कार्डं मावत असतील तर तिथं आधी हा नियम क्लिअर नन करून काढा, मग 2एन+1 लावा. ते काढणं बरेचजण विसरतात. सगळ्यांना ठरावीक हाइट देणं मला पटत नाही. मराठी नावं कधी तीन ओळींत जातील सांगता येत नाही, आणि मग अक्षरं कार्डाबाहेर सांडतात.

नवीन पान असेल तर पालक डब्याला, म्हणजे सगळी कार्डं ज्याच्या आत आहेत त्याला, डिस्प्ले ग्रिड (ओळी-स्तंभांची मांडणी), तीन समान स्तंभ, गॅप 16 पिक्सेल. आतला फ्लोट राहिला तरी ग्रिड तो मानत नाही. जुनी 33.33 टक्के विड्थ मात्र पुसा, कारण ती आता खान्याच्या विड्थवर मोजली जाते आणि कार्डं चिमुकली होतात.

फूटर वर चढून कार्डांना बिलगत असेल तर तो वेगळा दोष. फ्लोट झालेल्या मुलांची, म्हणजे आतल्या कार्डांची, उंची पालक डबा मोजत नाही. पालक डब्याला डिस्प्ले फ्लो-रूट द्या, मग तो ती मोजतो.