आधी तारीख सांगा

लाचेच्या केसमध्ये किती शिक्षा होईल, असं विचारत कुणी आमच्या ऑफिसात आलं की मी रक्कम नंतर विचारते, सापळ्याची तारीख आधी. समोरच्याला वाटतं, बाई फॉर्म भरतेय. ही सवय मला २०२३ च्या पावसाळ्यात लागली, ओव्हल मैदानाला लागून असलेल्या सत्र न्यायालयात, जेव्हा एकाच बोर्डावरच्या, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीतल्या, दोन माणसांना एकाच दुपारी शिक्षा झाल्या.

त्यातले एक आमचे अशील. एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक, दाखल्यांच्या टेबलावर. मी त्यांना काका म्हणायचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका भाजीवाल्या बाईंकडून आठशे रुपये घेताना ते पकडले गेले. सापळा नेहमीच्याच पद्धतीचा: नोटांना अँथ्रासीन पावडर, दोन सरकारी पंच, जिन्यात उभं असलेलं पथक, मग अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली काकांच्या बोटांवर निळसर चमक. शर्टाच्या खिशाच्या आतल्या बाजूलाही तीच चमक. पंच फितूर झाले नाहीत, बाई तर नाहीच नाही. ‘उसने दिलेले पैसे परत आले’ हा आमचा बचाव टिकला नाही, आणि खरं सांगायचं तर टिकायला नकोच होता. पैसे काकांनी घेतले होते याबद्दल मला कधी शंका नव्हती.

बाईंची उलटतपासणी आमच्या सरांनी घेतली होती. सर तिशी उलटल्यापासून फौजदारीत आहेत, पण कधी कधी एक प्रश्न जास्त विचारतात. “आठशे रुपये म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हती, बरोबर?” बाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी नसंल साहेब. माझा दोन दिवसांचा गल्ला होता तो. आणि दाखल्यासाठी खेटे घातले, त्या दिवसांचा धंदा बुडाला तो वेगळाच.” न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करून घेतलं. सर गप्प बसले.

निकालाच्या दिवशी सकाळी दोषी ठरवल्याचं वाचून झालं आणि कोर्टाने शिक्षेच्या मुद्द्यावर दुपारी ऐकू असं सांगितलं. सरांना हायकोर्टात दुसरं मॅटर होतं. जाता जाता म्हणाले, “तूच बोल. बोलण्यासारखं काही नाही, किमान चार वर्षंच आहे. वय सांग, मुलीचं लग्न सांग, मोकळी हो.”

हे ‘किमान चार’ कुठून आलं ते सांगते, कारण गंमत तिथेच आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात सुरुवातीला लाच घेण्याच्या कलम ७ ला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं होती. पदाचा गैरवापर करून लाभ उकळला की कलम १३ लागायचं, त्याला एक ते सात वर्षं. साध्या सापळ्याच्या केसमध्ये ही दोन्ही कलमं जोडीने लावली जायची. मग लोकपाल कायदा आला. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात इतर कायद्यांतले बदल आहेत. तिथे कलम ७ चं तीन ते सात झालं आणि कलम १३ चं चार ते दहा. अंमल १६ जानेवारी २०१४ पासून. पुढे २६ जुलै २०१८ च्या दुरुस्तीने कलम १३ मधला नेमका तो गैरवापराचा भाग काढूनच टाकला. त्यामुळे आता तसाच सापळा लागला तर उरतं फक्त कलम ७, म्हणजे किमान तीन.

म्हणजे तेच टेबल, तोच दाखला, तेच आठशे रुपये. २०१३ च्या डिसेंबरात घेतले तर किमान एक वर्ष, आज घेतले तर किमान तीन, आणि मधल्या साडेचार वर्षांत घेतले तर किमान चार. काका त्या मधल्या पट्ट्यात, तोही सुरू होऊन महिनाच झाला असताना, अडकले. गुन्हा घडला तेव्हा जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २०(१) सांगतं. ते बरोबरच आहे. पण त्याच नियमामुळे त्या दिवशी जे झालं ते झालं.

बोर्डावर आमच्या आधीचं मॅटर एका उपअभियंत्याचं होतं. कंत्राटदाराचं अडकवून ठेवलेलं बिल सोडायला दोन लाख, सापळा नोव्हेंबर २०१३ चा. त्यांचाही निकाल सकाळीच दोषी म्हणून लागला होता. आता निवृत्त, वय सदुसष्ट, बायपास झालेली. काका आणि ते एकाच बाकावर बसले होते. उपअभियंत्यांनी घरून आणलेल्या डब्यातली पोळी काकांपुढे केली, काकांनी नको म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर आधी त्यांचं झालं. त्यांच्या वकिलांनी हृदयरोगाची कागदपत्रं दिली, खटला किती वर्षं चालला ते सांगितलं. सरकारी वकील म्हणाल्या, दोन लाखांची मागणी आहे, जास्तीत जास्त द्या. मग मी उभी राहिले.

वय आणि मुलीचं लग्न मी दोन वाक्यांत संपवलं. मला वेगळं काही म्हणायचं होतं. म्हटलं, साहेब, २०१८ मध्ये संसदेलाच वाटलं की अशा कृत्याला कलम ७ पुरेसं आहे. दुरुस्तीने शिक्षा सौम्य झाली असेल तर तिचा फायदा आरोपीला मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळीच्या एका जुन्या खटल्यात म्हटलंय. निकालाची प्रत वर दिली. न्यायाधीशांनी ती खरंच वाचली. पान उलटून पुन्हा मागे आले. मग म्हणाले, “मॅडम, तिथे त्याच गुन्ह्याची शिक्षा कमी झाली होती. इथे कलम वगळलंय, आणि वगळण्याआधी घडलेल्या गुन्ह्याचं दायित्व शिल्लक राहतं. चारच्या खाली जायचा अधिकार मला कुठल्या कलमाने दिलाय, ते दाखवा.”

दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, १९४७ च्या कायद्यात होता. त्यात किमान एक वर्ष होतं, पण विशेष कारणं लेखी नोंदवून न्यायाधीशांना त्याच्याही खाली जाता यायचं. १९८८ च्या कायद्याने ती मुभा काढून टाकली.

“मग तुमच्या अशिलांनी १९८८ च्या आधी लाच घ्यायला हवी होती,” साहेब म्हणाले. कोर्ट हसलं. मीही हसले. काकांना मराठीत झालेला तो विनोद कळला होता, ते मात्र हसले नाहीत.

सरकारी वकिलांनी २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला: रक्कम लहान असली तरी अशा वृत्तीला आळा घालण्यासाठीच किमान शिक्षा ठेवली आहे, घटनेच्या कलम १४२ खालच्या विशेष अधिकारातही तिच्याखाली जाता येणार नाही. मग त्यांनी भाजीवाल्या बाईंचं ते वाक्य वाचून दाखवलं. दोन दिवसांचा गल्ला. त्यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही. लाचेची रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान, हे गणित चूक आहे. आठशे रुपये देणाऱ्या बाईंना दाखला मिळाला नाही तर गाडी लागत नाही, दोन लाख देणारा कंत्राटदार ते पुढच्या बिलात वसूल करतो. पण हे जर खरं असेल, तर ते तोलून बघायचं काम न्यायाधीशाचं असायला हवं. तारखेने ते ठरवू नये.

साडेचारच्या सुमारास शिक्षा सुनावल्या. उपअभियंत्यांना कलम ७ खाली एक वर्ष, कलम १३ खाली दोन वर्षं, दोन्ही एकत्र भोगायच्या, आणि एक लाख दंड. काकांना तीन आणि चार वर्षं, एकत्र भोगायच्या, दोन हजार दंड. दोन लाखांना दोन वर्षं, आठशेला चार.

न्यायाधीशांचा यात दोष नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. त्यांनी काकांना कायद्यात बसेल तितकं कमी दिलं होतं आणि उपअभियंत्यांना किमानच्या दुप्पट. त्यांच्या मापाने उपअभियंताच जास्त दोषी होता. वर जायची मोकळीक होती, सात वर्षांपर्यंत. पण सदुसष्ट वर्षांच्या, बायपास झालेल्या माणसाला केवळ शेजारच्या बाकाशी मेळ बसावा म्हणून पाच वर्षं द्यायची, हे कुठल्या न्यायात बसतं? एकाच्या अंगावर कायदा जास्त पडला म्हणून दुसऱ्याच्या अंगावरही तितकाच टाकायचा, असं ते झालं असतं. गंमत म्हणजे उपअभियंत्यांचे वकील बाहेर येऊन कुणाला तरी फोनवर तावातावाने सांगत होते, “अरे, मिनिममच्या डबल दिली!” हिशोबाने ते बरोबरच होतं.

खरा फरक त्यानंतरच्या तासाभरात दिसला. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९(३) प्रमाणे, जामिनावर असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा झाली तर अपील करेपर्यंत खालचं कोर्टच त्याला जामीन देऊ शकायचं. तीनच्या वर गेली की तो अधिकार संपायचा. उपअभियंत्यांचा अर्ज तिथेच मंजूर झाला. शिरस्तेदारांच्या टेबलाशी ते रोख भरत होते तेव्हा काकांचं वॉरंट तयार होत होतं. त्या दिवशी शुक्रवार. हायकोर्ट तिथून चालत पाच मिनिटांवर, मध्ये फक्त विद्यापीठ. पण निकालाची सहीशिक्क्याची नक्कल, अपील, अर्ज, नोटीस हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी त्या पाच मिनिटांत बसत नाही.

काकूंनी औषधांची पिशवी आणली होती. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर आत घेणार नाहीत, असं हवालदारांनी सांगितलं. चिठ्ठी घरी, कळव्याला. मी कोर्टाकडून औषधांची परवानगी वॉरंटवर लिहून घेतली. त्या दिवसातलं माझं एकमेव यश ते. काका एवढंच म्हणाले, “मॅडम, यांना लोकलने एकट्या पाठवू नका.” मग व्हॅन आर्थर रोडला गेली.

काकूंना कळव्यापर्यंत सोडलं. गाडीत त्यांनी विचारलं, “ते दुसरे साहेब घरी कसे गेले?” मी तारीख समजावून सांगायला लागले, १६ जानेवारी, परिशिष्ट, कलम. दादर येईपर्यंत सांगून झालं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तीन महिने आधी घेतले असते तर.” मी हो म्हटलं. त्यावर काय बोलणार?

परतताना मला २०११ चा डिसेंबर आठवला. बीकेसीतल्या एमएमआरडीए मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण होतं आणि आम्ही लॉ कॉलेजची पोरं टोप्या घालून गेलो होतो. सगळी चर्चा लोकपालाची: तो कोण नेमणार, पंतप्रधान त्याच्या कक्षेत येणार की नाही. पुढे कायदा झाला तेव्हाही परिशिष्टातल्या शिक्षा कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. मी तरी वाचल्या नव्हत्या. पहिल्या लोकपालांनी शपथ घेतली मार्च २०१९ मध्ये. वाढवलेल्या किमान शिक्षा मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागल्या, आणि महिन्याभरात त्यांच्या हाती दाखल्यांच्या टेबलावरचा कारकून लागला.

सरकारी वकिलांशी नंतर कॅन्टीनमध्ये बोलले. त्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि मी ते सहज उडवून लावू शकत नाही. “तुम्हाला न्यायाधीशांना मोकळीक हवी. मोकळीक दिली की वय, आजारपण, लग्नाची मुलगी सगळ्यांकडेच निघते. मोठ्याकडे चांगला वकील असतो, त्यालाच सूट मिळते. किमान शिक्षा निदान कारकून आणि साहेब असा भेद करत नाही.” मी म्हटलं, परवा केला की. त्या म्हणाल्या, “तो कायद्याच्या तारखेने केला. तो भेद या तारखांच्या केसेस संपल्या की संपेल.” संपेलही. मलिमठ समितीने २००३ मध्येच शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी वैधानिक समिती सुचवली होती. दोषाचं प्रमाण, नुकसान, पद असं सगळं एका तक्त्यात बघून शिक्षा ठरवता येईल अशी. ती असती तर आम्हा दोघींना भांडायला काही तरी ठोस मिळालं असतं. वीसहून जास्त वर्षं झाली, अजून नाही.

हायकोर्टाने काकांची शिक्षा स्थगित केली, जवळजवळ दोन आठवड्यांनी. शिक्षा स्थगित झाली तरी दोषी ठरवल्याचा निकाल कायम असतो, त्यामुळे पेन्शनचा प्रश्न तसाच लोंबकळतोय. तो उपअभियंत्यांचाही तसाच आहे. तेवढ्यापुरते दोघे समान.

अपिलाचा मसुदा मी केला तेव्हा २०१८ च्या दुरुस्तीचा मुद्दा सातव्या क्रमांकावर घातला होता. सरांनी त्यावर पेन्सिलने काट मारली, “चालणार नाही” असं शेजारी लिहून. मी वाद घातला. शेवटी सर म्हणाले, “राहू दे, पण आर्ग्यू तू कर.” अपील दाखल करून घेतलंय, अंतिम सुनावणीला कधी लागेल ते बोर्डावर दिसेल तेव्हा. मध्ये काकांचा फोन आला होता, दंडाचे दोन हजार भरलेत ते अपील जिंकलो तर परत मिळतात का, हे विचारायला. मिळतात, असं मी सांगितलं.