घोडा सरळ बघेना

अष्टमीच्या सकाळी आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम घेऊन येणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर पुरता अडलेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लेथ, ड्रिल, पाने, हातोडे सगळं पुसून पूजेला बसणार, आणि एकदा हळद-कुंकू वाहिलं की हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून अष्टमीला आम्ही राहिलेली कामं उरकतो आणि शेड झाडून घेतो. त्या गडबडीत टेम्पोवर बांधलेली एक फोर्ड मॉडेल टी दारात उभी राहिली.

मालक उसाच्या पट्ट्यातले बागायतदार. टेम्पोमागून जीपमधून त्यांची आत्या आणि पुण्याहून सुटीला आलेला इंजिनीअर भाचा. मालकांनी नमस्कारही धड केला नाही. "मिस्त्री, उद्या गाडीची पूजा, परवा सोनं लुटायला गाडी पालखीपुढं. घोडा बसलाच पायजे."

"बसंल की," मी म्हणालो, "बसलेला ऱ्हायला पायजे न्हवं."

घोडा म्हणजे रेडिएटरच्या टोपणावरचा पितळी घोडा. आत्याबाईंच्या वडिलांनी गाडी घेतल्यावर इथल्याच एका ओतारीकडून ओतून घेतलेला. पुढचे पाय उचललेले, मानेवरची आयाळ कोरलेली, खाली खडकासारखा जाड चौथरा. काम सुरेख, पण आत पोकळी नावाला नाही. काट्यावर ठेवला तर 2 किलो 100 ग्रॅम भरला. आत्याबाई पटकन म्हणाल्या, "आमच्या आबांनी पितळ वाचवलं न्हाई."

गाडी कॅनडाच्या फोर्डची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या वर बनल्या, पण इंग्रजी अमलाखालच्या मुलखात आल्या त्या बहुतेक कॅनडातून. ही शेवटच्या वर्षांतली. इंजिन चालू केलं की या गाडीचा पत्रा न् पत्रा बोलतो. त्या थरथरीवर, एका टोपणाच्या जोरावर, दोन किलोचा घोडा उभा करायचा होता.

तक्रार अशी होती की घोडा डुगडुगतो आणि त्याच्या पायाशी पाणी झिरपतं. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने दोनदा आवळून दिला, तिसऱ्यांदा म्हणे वरून शिसं ओतलं. मी टोपणाला हात न लावता आधी घोड्याच्या डोक्यावर एक बोट ठेवून हळूच दाबलं. घोडा हलला. पण त्याच्याबरोबर टोपण हललं, आणि टोपणाबरोबर रेडिएटरचा गळाही. गळा म्हणजे वरच्या टाकीवर वितळवलेल्या कथील-शिशाचा डाग देऊन बसवलेली पितळी कडी, जिच्यातून पाणी भरतात. तिच्या मागच्या अंगाला एक तृतीयांश घेरात डाग उकलला होता आणि हिरवट पांढरी साय धरली होती.

एवढ्यावर काम ठरवता आलं असतं. पण डाग का उकलला ते कळल्याशिवाय नवा डाग देण्यात अर्थ नव्हता. मी टोपण फिरवून घट्ट केलं. पुरतं बसलं तेव्हा घोडा डावीकडे, माझ्या लेथकडे तोंड करून उभा. मालक म्हणाले, "न्हाई न्हाई, एवढं आवळायचं न्हाई. अर्धा आटा सैल ठेवायचा, मग त्यो म्होरं बघतोय."

सगळं दुखणं तिथंच होतं. टी-चं टोपण आट्यांचं. ते कुठे जाऊन घट्ट होईल ते आटे आणि गॅस्केट मिळून ठरवतात, घोड्याचं तोंड कुठं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मग वर्षानुवर्षं प्रत्येक ड्रायव्हरने घोडा सरळ बघावा म्हणून टोपण सैल ठेवलं. सैल टोपण आट्यांवर खडखडतं, गॅस्केटवर दाब नाही म्हणून पाणी येतं, आणि दोन किलोचं वजन प्रत्येक खड्ड्याला गळ्यावर हातोडीसारखं आपटतं. डागाची काय बिशाद?

टोपण उलटं करून बोल्ट काढला तर आतून आणखी एक जण भेटला. घोड्याच्या चौथऱ्यात अडीच सूत, म्हणजे 5/16 इंची, व्हिटवर्थ म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीचे आटे. त्या काळी इथं टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, सगळी विलायती, तेव्हा ते बरोबरच. बोल्ट मात्र कुठल्या तरी अमेरिकी गाडीचा. या मापात दोघांचे इंचाला 18 आटे, म्हणून बोल्ट बिनतक्रार आत जातो. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन 55 अंश आणि अमेरिकी आट्याचा 60. आटा आट्याला पूर्ण अंगाने भिडतच नाही, एका चिंचोळ्या पट्टीवर टेकतो. हाताला वाटतं घट्ट झालं, आणि शे-दोनशे किलोमीटरात ती पट्टी झिजली की बोल्ट गरगर फिरतो. अर्ध्या इंचाचा बोल्ट असता तर बरं झालं असतं, तिथं एकाचे 12 आणि दुसऱ्याचे 13 आटे, घुसलाच नसता.

भाच्याचं मत पडलं, इपॉक्सी लावू. मी विचारलं, "पाणी उकळायला लागल्यावर त्या टोपणाला हात लावून बघितलाय काय?" मालकांचं मत, गळा ब्रेझिंगने, म्हणजे पितळेच्या झाळेने, एकदाच कायमचा करून टाकू. तेही नको. ब्रेझिंगला पितळ लाल करावं लागतं. कथील-शिशाचा डाग 183 अंशांच्या आसपास पाणी होतो आणि या रेडिएटरचा सगळा जन्म त्याच डागावर उभा आहे. गळा पक्का होईल, आणि खालच्या नळ्या एकेक करून सुटतील.

तेव्हा काम असं ठरवलं: घोडा हलका करायचा, त्याचं वजन बोल्टच्या आट्यांवर न येता रुंद बैठकीवर आणायचं, गळ्याला कॉलर द्यायची, आणि टोपण पूर्ण आवळल्यावरच घोड्याचं तोंड ठरवायचं. गाडीच्या कुठल्याही मूळ भागात नवं भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला घोडा काढून साधं टोपण लावावंसं वाटलं तर लावता आलं पाहिजे. जुन्या गाडीला ड्रिल लावायच्या आधी जो माणूस थांबत नाही त्याच्याकडे मी माझी सायकलसुद्धा देणार नाही.

"हलका म्हंजे?" आत्याबाईंनी विचारलं.

"खालनं पोखरायचा. वरनं कुणाला दिसणार न्हाई."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आतलं पितळ मला द्यायचं. एक कणबी टाकायचा न्हाई."

घोडा लेथवर धरायचा कसा? त्याला कुठे गोलाई नाही, आणि चकच्या जबड्यात दिला तर पाय तरी वाकतील नाही तर आयाळीवर दात उमटतील. एक जाड पाइपाचा तुकडा घेतला, घोडा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोकं खाली करून त्यात उभा केला आणि चौथऱ्याची कड तेवढी बाहेर ठेवून भोवती प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. ते आवळून आलं की पाइप चकमध्ये धरायचा.

प्लास्टर वाळेपर्यंत चहा झाला. भाच्याने मोबाइलवर रोल्स-रॉइसची पंखवाली बाई दाखवली आणि विचारलं, ही कशी पडत नाही? त्याला सांगितलं, ती 1911 साली चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने कंपनीसाठीच केली. मालक लोक आपापल्या आवडीचं काहीबाही टोपणावर चढवायला लागले होते, ते कंपनीला आवडेना. म्हणजे टोपण आणि बाई एकमेकांसाठीच घडवलेली. आपला घोडा ओतारीने ओतला आणि टोपण फोर्डने केलं, दोघांची सोयरीक जमवायची ती आपणच. फ्रान्सच्या लालिक या काचकारागिराने तर 1925 पासून काचेचे मॅस्कॉट, म्हणजे टोपणावरचे शोभेचे पुतळे, काढले, पहिला पाच घोड्यांचा, सिट्रोएनच्या 5 सीव्ही गाडीसाठी. काच आवळता येत नाही. ती धातूच्या कड्यात मऊ पॅकिंग घालून नुसती धरून ठेवायची असते, आणि जास्त पिळलं की संपलं. भाचा म्हणाला, हल्लीच्या गाड्यांवर का नाही मग हे? माणसाला धडकलं तर पोटात घुसतं म्हणून. इंग्लंडात 1 ऑक्टोबर 1937 पासूनच्या गाड्यांना, माणसाला लागेल असा मॅस्कॉट लावायला बंदीच आहे.

माझं विचाराल तर या जागेवर शोभणारी वस्तू म्हणजे बॉइसचं मोटोमीटर. टोपणावर बसणारं गोल थर्मामीटर, आतला लाल द्रव ड्रायव्हरला काचेतून दिसतो. त्याचा दांडा पाण्यात नाही, पाण्यावरच्या वाफेत असतो. शोभेची शोभा आणि इंजिन तापल्याचा निरोप. पण आत्याबाईंसमोर हे बोलायची माझी छाती झाली नाही.

दुपारनंतर लेथ चालू केला, अगदी कमी फेऱ्यांवर, कारण घोडा एका अंगाला जड. चौथऱ्यात 44 मिलिमीटर व्यासाचा आणि 40 मिलिमीटर खोल बोअर मारला. जुने बिघडलेले आटे त्यातच गेले. पितळेचा चुरा सोनेरी पावसासारखा उडतो, म्हणून खाली वर्तमानपत्र आणि बाजूला पुठ्ठा लावून पोराला राखणीला बसवलं. त्याचं लक्ष घड्याळाकडे. रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा, त्याला महाद्वार रोडला जागा धरायची होती. घोडा बाहेर काढून परत तोलला, 1 किलो 600.

बोअरच्या छताला, म्हणजे चौथऱ्याच्या उरलेल्या भरीव भागात, वडिलांच्या पेटीतल्या टॅपने नवे व्हिटवर्थ आटे पाडले आणि गनमेटलचा लांब स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा, केला. लोखंडी घातला असता तर वाफेत गंजला असता. स्टड लांब ठेवला यालाही कारण आहे. आखूड बोल्ट जरा बैठक दबली की ढिला पडतो. लांब स्टड आवळल्यावर किंचित ताणला जातो आणि तो ताण सोडत नाही. टोपणावर बोअरमध्ये अंगठ्याने दाबून बसेल अशी पितळेची चकती केली, टोपणाच्या आतून तीन मिलिमीटरची दुसरी पाटी. टोपणाचा पातळ पत्रा या दोघींच्या मध्ये. आता घोड्याला बाजूने धक्का बसला तर तो चकती झेलणार, स्टडने फक्त ओढून धरायचं. आतल्या बाजूला कॅसल नट, म्हणजे खाचांचा नट, आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून पितळी स्प्लिट पिन. तिथं नुसता चेकनट मी लावत नाही, कारण सुटला तर सरळ रेडिएटरच्या पोटात.

गळ्याचं काम मात्र जिवावरचं. जुना डाग आणि ते ओतलेलं शिसं खरवडून काढलं. टाकीच्या वळणाला बरोबर बसेल अशी पितळी पत्र्याची कॉलर ठोकून घेतली, दोन्ही अंगांना जस्ताने मारलेलं ॲसिड लावून कलई केली. भोवतीच्या सगळ्या सांध्यांवर ओली फडकी, आणि पोरगा तांब्यातून पाणी शिंपडत उभा. ज्योत कॉलरवर फिरवत ठेवली, एका जागी थांबवली नाही. कडेने डागाची चकचकीत रेघ वर आली आणि पूर्ण फेरा मारून जुळली तेव्हा मी ज्योत बाजूला घेतली. मग मारलेलं ॲसिड सोड्याच्या पाण्याने धुऊन काढलं. ते राहिलं तर पितळ आतून खातं.

शेवटी तोंड. नवं बुचाचं गॅस्केट घालून टोपण नुसतं, घोड्याशिवाय, पूर्ण आवळलं. बॉनेटच्या मधल्या बिजागरीवरून दोरी ताणून टोपणावर समोरची खूण केली, मग चकतीत आणि चौथऱ्यात तीन मिलिमीटरची पिन बसवली. गॅस्केट काही दिवसांनी दबतं आणि टोपण आणखी थोडं फिरतं, म्हणून घोड्याला मुद्दाम केसभर अलीकडे ठेवलं. वेगवेगळ्या जाडीची जादा गॅस्केटं मालकांच्या हातात दिली, टोपण पुढे गेलं तर जाड घालायचं. टोपण सैल करून घोडा सरळ करायचा नाही, हे ड्रायव्हरला दोनदा म्हणायला लावलं.

शेडबाहेरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेऊन आणली. इंजिन पाणी उसळेपर्यंत तापवलं. गळा कोरडा. घोड्याच्या पायापासून टोपणावरून गळ्यापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली, कुठलाही सांधा सरकला तर ती तुटलेली दिसते. मालकांनी बिल बघून "एवढ्याशा घोड्याचं?" असं म्हटलं. आत्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि वर्तमानपत्रातली पितळेची पुडी काट्यावर ठेवायला लावली. चुरा जवळपास पुरता भरला. उडालेला थोडा पोराच्या केसांत होता, तोही त्यांनी झटकून घेतला.

दसरा झाल्यावर मालकांचा फोन. रेघ शाबूत, घोडा सरळ, पण पालखीपुढं गाडी उकळली. विचारलं, झेंडूची माळ कुठं बांधली होती? रेडिएटरच्या जाळीवर, चांगली हातभर रुंद. पुढच्या वर्षी माळ बॉनेटवर घाला म्हटलं.

आता त्यांना नागाच्या तोंडाचा पितळी हॉर्न पक्का करून हवाय. तो मी त्या दिवशीच बघितला होता: कुणी तरी मडगार्डला भोकं पाडून पॉप रिवेटने ठोकलेला, नागाचं डोकं अधांतरी, मागच्या रबरी फुग्याला तडे. त्याला दिव्याच्या ब्रॅकेटवरून डोक्याखाली एक दुबेळका आधार आणि नळीला रबराचं अस्तर लावलेले क्लॅम्प पुरतील. काम दिवाळीनंतर घेतलंय. आधी मडगार्डची ती भोकं बुजवायची आहेत.