मॅडम, लॉवेलच का?

व्याख्यान संपलं की चहाच्या टेबलापाशी कुणीतरी गाठतंच. ‘तुमचे वडील मुंबईच्या कापडगिरणीत, साचाखात्यात (जिथे माग चालतात) होते, जन्म लालबागच्या चाळीतला, आणि तुम्ही जन्मभर शिकवता काय, तर अमेरिकेतल्या लॉवेल गावच्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या गिरणीतल्या पोरी! इथल्या बाया दिसत नाहीत?’ गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीनेही हेच विचारलं. ती खवचट नव्हती, म्हणून जास्त लागलं. एकदाचं लिहून टाकते.

एक पाठ झालेलं उत्तर आहे माझं, आधी ते ऐका. फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बोस्टनचा व्यापारी इंग्लंडला गेला, तिथले यंत्रमाग बघून डोक्यात साठवून आला. १८१७ मध्ये तो वारलाही. पण बोस्टनच्या पैसेवाल्यांनी १८२२ मध्ये मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी, शेतं होती तिथे, गिरण्या उभारायला घेतल्या आणि १८२६ मध्ये त्या गावाला त्याचं नाव दिलं. कामाला आल्या न्यू हॅम्पशायर-व्हरमाँटकडच्या शेतकऱ्यांच्या लेकी. आठवड्याला साधारण ७३ तास काम. राहायचं कंपनीच्या खानावळीत, एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद. आणि तरीही हातात रोख पगार, स्वतःच्या नावाचा. घरच्या शेतात राबणाऱ्या पोरीच्या घामाचा हिशेब तोवर कोण ठेवत होतं?

‘इथे बाई पहिल्यांदा मोकळी झाली,’ असं मी ठणकावून सांगायचे. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, तिकडे बर्फ पडतो ना? मग कापूस कुठला?’

कापूस अमेरिकेच्याच दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. लॉवेलमध्ये विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा तिकडेच जायचं, त्याच गुलामांच्या अंगावर. तिकडे त्या कापडालाच ‘लॉवेल’ म्हणत. संपावर गेलेल्या पोरी ‘आम्ही गुलाम होणार नाही’ असं गात रस्त्यातून फिरल्या, ते मी वर्गात रंगवून सांगत असे; अंगावरच्या सुताचं मूळ मात्र एका वाक्यात उरकत असे. मला ठाऊक नव्हतं असं नाही. गोष्ट छान जमत होती, म्हणून. तेव्हाच्या मला आज भेटले तर भांडेन. तीही ऐकून घेणार नाही. ‘मग त्या पोरींचा पगार खोटा होता का?’ असं म्हणेल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण हेही खरं उत्तर नव्हे.

ऑक्टोबर १८३६. कंपन्यांनी खानावळीचा वाढीव खर्च मुलींच्या माथी मारला आणि दीड-दोन हजार जणी काम टाकून बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची. सुताने भरलेल्या बॉबिनी, म्हणजे रिळं, काढायच्या, रिकाम्या लावायच्या, हे तिचं काम. गिरणीत तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली चुळबुळत राहिल्या. निघावं की नको, घरचे काय म्हणतील. ही पोर म्हणाली, कुणी येवो न येवो, मी चालले. आणि चालू लागली. मागे वळून बघते तर सगळी रांग तिच्यामागे.

तिची आई विधवा, कंपनीचीच खानावळ चालवायची. कंपनीच्या एजंटाने, म्हणजे गिरणीच्या कारभाऱ्याने, तिला काढून टाकलं. मोठ्या मुली तुझ्या हातात नव्हत्या, पण ही तर तुझीच पोर, हिला आवरता आलं असतं, असं तिला सुनावलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं ग्रंथालयात, आणि पुस्तक मिटून ठेवलं. माझीही आई खानावळ चालवायची. बारा बाय दहाच्या खोलीत दोन पाळ्यांची मिळून चौदा माणसं जेवायची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप लागला तेव्हा मीही अकरा वर्षांची होते. अक्षर बरं म्हणून उधारीची वही माझ्याकडे.

पावसाळा आला तरी आई वाढतच होती. भाजी गेली, आमटी पातळ झाली. एका रात्री गावाकडचे एक काका जेवत होते, बाबांच्याच खात्यातले. वही हातात धरून मी सगळ्यांच्या देखत बोलले, ‘आई, यांचे सहा महिने झाले. गिरणी काय चालू होत नाही आता. हे पैसे बुडाले.’

बाबा भिंतीकडे बघत राहिले. काकांनी आमटीत कालवलेला भात होता तेवढा संपवला. अन्न टाकलं नाही. मग उठून स्वतःची थाळी मोरीत घासली, कधी घासत नसत, आणि पालथी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आईने मला शब्दाने बोल लावला नाही, फक्त वही काढून घेतली.

माझा हिशेब बरोबर होता, हे सांगायला हवं. पैसे बुडाले. दिवाळीच्या आत खानावळ बंद झाली. अकरा वर्षांच्या पोरीने घरचं बघू नये का? हे मी स्वतःला चाळीस वर्षं समजावते आहे.

हॅरिएटने म्हातारपणी लिहिलं की त्या संपातून हाती काही लागलं नाही, पण त्या रांगेचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कशाचाच वाटला नाही. तीच बाई गिरणीच्या जुन्या दिवसांबद्दल इतकं गोडगोड लिहिते की मला राग येतो. कधी वाटतं, आईची खानावळ घालवल्याचं ओझं तिने त्या गोडव्याखाली झाकलं असेल. कधी वाटतं, हे मी माझं तिच्या गळ्यात बांधते आहे.

तर इथल्या बायांवर का लिहीत नाही? लिहायला बसले की ती थाळी आडवी येते. लॉवेलवर लिहिताना येत नाही, असं मला वाटत होतं. पण दुपारची घंटा झाली की गिरणीतल्या पोरी खानावळीत जेवायला धावत. पोरगी रांग घेऊन बाहेर पडली त्या दिवशी हॅन्सनबाईंनी किती जणींचं रांधलं होतं, आणि ते कुणी खाल्लं का, हे मी अजून शोधते आहे.