सुकं ऊन

परवा दुपारी टॉवेल उचलायला बाल्कनीत गेले तर तो सकाळी टाकला होता तसाच्या तसा ओला. मे महिना, टळटळीत दुपार, फोनवर ३४ डिग्री, आणि टॉवेल ओला! म्हणजे हे ऊन नक्की करतंय काय दिवसभर?

माझ्या फोनमध्ये हवामानासाठी मुंबईच्या खाली जोधपूर आणि फलोदी अशी राजस्थानातली दोन गावं टाकून ठेवलेली आहेत. फलोदीत मी कधी उतरलेलेही नाही, पण १९ मे २०१६ ला तिथे ५१ डिग्री झालं होतं तेव्हापासून ते गाव माझ्या डोक्यात बसलंय. आणि हे ५१ सावलीतलं बरं का, वेधशाळावाले थर्मामीटर पांढऱ्या जाळीच्या पेटीत ठेवतात, बाहेर वाळूवर काय असेल ते वाळूलाच माहीत. नवरा म्हणतो दुसऱ्यांचे आकडे बघून तुला गार वाटतं का. गार नाही वाटत, हेवा वाटतो. हे मी नागपूरच्या जाऊबाईंसमोर बोलत नाही, कारण त्यांच्याकडे ४५ असताना मुंबईवालीने उन्हाळ्याबद्दल तोंड उघडायचंच नसतं, "तुमच्याकडे काय, समुद्र आहे" हे ठरलेलं वाक्य येतं. समुद्र आहे म्हणूनच तर! दुपारी खारं वारं वेळेवर आलं तर पारा चढत नाही हे खरं, पण तेच वारं येताना पाणी घेऊन येतं आणि आपल्या अंगावर ठेवून जातं. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावर ३७ पासूनच उष्णतेची लाट धरायला लागतं, मैदानात ४० लागतात, म्हणजे सरकारदरबारी तरी आमची थोडी कदर आहे.

लहानपणी मावशी जोधपूरला होती, काकांची रेल्वेत नोकरी. सगळी मुलं सुट्टीत कोकणात जायची आणि आम्ही उलट्या दिशेने वाळवंटात. खिडक्या बंद करून बसायचं, तरी दातात वाळू. आईने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातलेला, लू लागू नये म्हणून. कांदा लूचं काय करतो देव जाणे, आमच्या फ्रॉकचं मात्र जे करायचा ते धुतल्यावरही जायचं नाही.

आणि तिकडे कपडे वाळायचे! मावशी टॉवेल दोरीवर टाकायची आणि आम्ही खाली उभे राहून बघत बसायचो, आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत तो पापडासारखा कडक. मुंबईत पावसाळ्यात युनिफॉर्म पंख्याखाली रात्रभर फडफडवून सकाळी वर इस्त्री फिरवून दमटच घालून जाणाऱ्या मुलींना हा चमत्कार होता. घाम यायचा पण दिसायचा नाही, येतो तसाच उडून जायचा, नि अंगावर नुसती मिठाची खर. दुपारी सगळं घर बंद, जाड दगडी भिंती, अंधार, आणि खिडकीत पत्र्याचा कूलर घरघरत असायचा. त्याला येणारा ओल्या वाळ्याचा वास मला अजून कुठल्या एसीत मिळालेला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी हौसेने असा कूलर आणला होता, आठवडाभरात त्यांच्या भिंतीला बुरशी आली. हवेत जागाच नाही तर पाणी उडून जाणार कुठे? ते उडतं म्हणून तर गार वाटतं, घामाचंही तेच. लोकलमध्ये दादर ते ठाणे उभं राहून हे शास्त्र मी रोज पाठ करते.

संध्याकाळी काका गच्चीवर बादल्या ओतायचे. चर्र आवाज, वाफ, आणि तापलेल्या दगडाचा वास. मग गाद्या वर. ढग नसल्यामुळे दिवसभराची धग रात्री सरळ वर निघून जायची, पहाटे चक्क चादर ओढावी लागायची, मे महिन्यात! कधी मध्येच आंधी यायची, आकाश पिवळं-तपकिरी व्हायचं, कोणीतरी ओरडायचं, आणि सगळी गल्ली आपापल्या गाद्या उचलून पळायची. इकडे मुंबईत रात्री अकरालाही भिंतीला हात लावा, भट्टीच. २७-२८ च्या खाली उतरायचं नावच नाही.

तर मी असं सुक्या उन्हाचं गुणगान सगळ्यांना ऐकवत असते, वर्षानुवर्षं. यंदा ऐकवता ऐकवता मध्येच अडकले. कूलर पाणी पितो. गच्चीवर बादल्या. मावशी तर तहान लागो न लागो, दर थोड्या वेळाने तांब्या पुढे करायची, कारण तिकडे घाम दिसत नाही आणि माणूस आतून कधी वाळतो कळत नाही. म्हणजे जे काही सुख होतं ते सगळं पाण्यावर चाललं होतं, आणि गाव वाळवंटातलं. फलोदीत ५१ झालं त्याच उन्हाळ्यात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आम्ही टीव्हीवर बघून हळहळलो होतो, तरी जोधपूरच्या त्या बादल्या काही मला आठवल्या नाहीत.

मग मावशीला फोन केला. आता ती पुण्यात असते, कानाला जरा कमी ऐकू येतं. तीनदा विचारल्यावर म्हणाली, "अगं, पहाटे चारला यायचं, तेही एक दिवसाआड. वर चढत नसे, खालून भरून आणायचे मी. तुम्ही गच्चीवर झोपलेल्या असायचात."

"मग आम्हाला उठवायचंस की."

"कशाला? सुट्टीला आलेली पोरं ती," म्हणाली, आणि मुंबईत यंदा हापूस काय भावाने आहे ते विचारायला लागली.