आमची वाटचाल : तवा, मोहरी आणि कच्चा कांदा

आमचा बर्गर-हॉटडॉगचा गाडा २००९ ला कोल्हापुरात राजारामपुरीत लागला. तेव्हा आमच्या भागात बर्गर म्हणजे बेकरीच्या काचेत दुपारपासून ठेवलेला गार पाव, आत बटाट्याची टिक्की नि वर केचप, आणि हॉटडॉग म्हणजे तोच माल लांब पावात. आम्ही चिकन सॉसेज आणलं, पॅटी हातानं थापायला लागलो आणि केचपच्या जागी फेसलेली मोहरी लावली. लोक म्हणायचे मोहरी लोणच्यात घालतात, पावात कोण घालतंय. हे सगळं लिहून ठेवतोय कारण समोरच्या दुकानाच्या बोर्डावर 'कोल्हापुरी बर्गरचे जनक' असं भलतंच लिहिलेलं लोक वाचतायत.

आधी तव्याचं सांगतो. बाजारातल्या पातळ तव्यावर चार पॅट्या एकदम टाकल्या की तवा गार पडतो, चिकनला पाणी सुटतं आणि ते भाजायचं सोडून उकडत बसतं. उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करणारे एक टर्नर काका होते, त्यांनी १२ एमएमची लोखंडी प्लेट कापली, वरनं सरफेस मारून म्हणजे घासून सपाट करून घेतला, तीन बाजूंना पट्टी वेल्ड केली आणि पुढची बाजू तेल उतरायला मोकळी ठेवली. अडीच फूट बाय दीड फूट, वजन तीसएक किलो, दोघांनी धरून गाड्यावर चढवला. मजुरी घेईनात. म्हणाले, "महिनाभर रोज एक हॉटडॉग खायाला घाल, फिटलं." महिना संपला तरी रोज सहाला यायचे, मग रोख पैसे देऊन खायचे. हॉटडॉग असायचा तो असा, पाव आतनं कडक भाजलेला, सॉसेजवर मोहरीची एक रेघ, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि चिमटीभर कांदा-लसूण चटणी. टोमॅटो नाय, कोबी नाय, केचपचं तर नावच नको.

चटणी आमच्या आईची, उन्हाळ्यात संकेश्वरी नि ब्याडगी मिरची आणून डंकावर कुटून घेतलेली. मोहरी मात्र रोजची रोज. भिजवलेली मोहरी गार पाण्यात वाटायची, कारण पाणी लागल्याशिवाय तिचा ठसका सुटतच नाय, मग दहा मिनिटं थांबायचं आणि नाकात झणझणलं की लगेच व्हिनेगर घालायचं, मग तो ठसका तिथंच धरून राहतो. भांडं तव्याजवळ ठेवलं की संपलं, नुसता कडवट गाळ उरतो.

हे सगळं माझ्या पार्टनरनं सात वर्षं माझ्या शेजारी उभं राहून बघितलं. नात्यातला माणूस, निम्मे पैसे त्याचे, तो गल्ल्यावर नि मी तव्यावर. २०१६ च्या दिवाळीनंतर वेगळा झाला आणि दीड महिन्यात समोरच्याच बाजूला दुकान टाकलं, एसी, लाईटीचा बोर्ड, आणि बोर्डावर 'कोल्हापुरी बर्गरचे जनक'. आमचीच चटणी मेयोनीजमध्ये कालवून त्याला नवीन नाव दिलं. वर चीज स्लाइस, त्यावर चीज सॉस, त्यावर परत मेयो, कोबी, ढबू मिरची, मका, पाव मिटायचा नाय म्हणून मधे काडी. पोरं फोटो काढायला लाईन लावायची. मी रोज १४० ते १५० नग विकायचो, ते जानेवारीत तीस-पस्तीसवर आलं. बेकरीवाल्याचं बिल थकलं, एक पोरगा सोडला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. कागदावर काय केलंच नव्हतं, त्यामुळं भांडायचं तरी कशाच्या जोरावर. नवीन धंदा काढणाऱ्यांनो, पार्टनर सख्खा भाऊ असला तरी स्टॅम्प पेपर करा, कोण कुठं दुकान टाकणार, मसाला कुणाचा, सगळं लिहून घ्या.

आणि मग मीपण मेयो आणलं. एक किलोच्या पाऊचांची पेटीच. पाच महिने तेच केलं. मेयोवर गरम पॅटी ठेवली की ते फुटतं, तेल वेगळं होतं, पाव खालनं भिजतो आणि पॅटी मागनं सरकून कागदात येते. गिऱ्हाईक तरी वाढलं का, तर नाय, ज्याला मेयो पाहिजे होतं तो समोरच जात होता.

एका संध्याकाळी काका आले, मी गडबडीत त्यांच्यापण हॉटडॉगवर मेयोची नक्षी मारून दिली. ते काय बोलले नाहीत. खिशातनं सहा इंची स्टीलची पट्टी काढली, कामाचीच, रुमालानं पुसली आणि कापलेल्या लोखंडाच्या कडेचा खरबरीत बर खरवडावा तसं सगळं मेयो खरवडून कागदावर काढलं. मग विचारलं, "मोहरी हाय का गा?" मोहरी नव्हती, महिनाभर वाटलीच नव्हती. त्यांनी नुसता कांदा मागून घेतला, खाल्लं, पैसे ठेवले नि गेले. दुसऱ्या दिवशी मी उरलेले पाऊच बेकरीवाल्याला बिलात वळते करून दिले आणि मोहरी भिजत घातली.

टॉपिंगवरनं आमच्या बाकड्यावर अजूनपण रोज वाद होतो. कॉलेजची पोरं केचपसाठी भांडतात. एका गिऱ्हाइकाची मुलगी शिकागोला आहे, तिनं सांगितलं की तिकडच्या हॉटडॉगवर मोहरी, कांदा, हिरवी गोड रेलिश म्हणजे काकडीची चटणी, टोमॅटो, काकडीचं लोणचं, मिरच्या नि सेलरीचं मीठ एवढं सगळं चालतं, पण केचप घातलं की जुनी माणसं नाक मुरडतात. अमेरिकेतल्याच न्यू हेवन गावात लुईज लंच म्हणून १८९५ पासूनचं दुकान आहे, तिथं बर्गर भाजलेल्या ब्रेडमध्ये देतात आणि वर फक्त चीज, कांदा नि टोमॅटो, केचप तर मिळतच नाय. म्हणजे मी काय आडमुठेपणा करत नाय. आमच्याकडं केचपची बाटली टेबलावर असते, पाहिजे त्यानं कडेला घ्यावं, पावाच्या आत मी घालणार नाय. टोमॅटो सकाळी चिरून ठेवू नका, पावावर ठेवायच्या वेळी चिरा नि मीठ तेव्हाच टाका. कांद्याच्या चकत्या बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळून घ्या. कोबी घालायचाच असला तर मीठ लावून पिळून घ्या, नायतर तो पाव बुडवतो.

धंदा जागेवर यायला दोन वर्षं गेली. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, फ्रीजर गेला, हायवे बंद म्हणून सॉसेज आलं नाय, तेपण निस्तरलं. पाटल्या सोडवल्या. समोरचं दुकान आता दुसऱ्याच कुणाला चालवायला दिलंय, पण बोर्ड तोच आहे आणि माझी मागणी अजून तीच आहे, तेवढी 'जनक'वाली ओळ उतरवा.

काका आता रिटायर झालेत, गुडघ्यामुळं येत नाहीत, नातू पार्सल नेतो. त्यांचा कांदा वेगळ्या पुडीत देतो, पावात घालून बांधला तर घरी जाईस्तोवर मऊ पडतो. तवा तोच आहे, मधे एकदा त्यांनीच परत सरफेस मारून दिला. गाडा संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, सोमवारी बंद. मोहरी चारला एकदाच वाटतो, त्यामुळं नऊनंतर येणाऱ्यांनी फोन करून या.