पडशीतलं ओझं आणि विठोबाकडचं मागणं

आषाढी वारीत धर्मपुरीला माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि आमच्याकडची बरीच माणसं तिथूनच दिंडीला मिळतात. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम. विशीतली पोरं आणि सत्तरी ओलांडलेल्या आज्या एकाच टाळावर चालतात, पण मागणं वेगळं असतं. कुणाचं काय ते आम्हाला पडशीवरूनच, म्हणजे खांद्यावरच्या झोळीवरूनच, कळतं.

नवख्याच्या पडशीत सोलापुरी चादर हमखास असते. ती कोरडीच जड. एक सर झेलली की दोन-दोन दिवस वाळत नाही. चादर दिंडीच्या ट्रकमध्ये टाका, खांद्यावर तीन किलोच्या वर काही नको. मुरलेल्या मावशींकडे एक जादा लुगडं, प्लास्टिकचा कागद, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, बास.

नवे बूटही वारीत पहिल्यांदा घालू नयेत, महिनाभर आधी वापरून मऊ करावेत. ओला मोजा कातडीवर घासतो म्हणून फोड येतो. मोजा भिजला की लगेच बदलायचा. लहान फोडाला हात लावू नये. मोठा असेल तर स्वच्छ सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावं, वरची कातडी मात्र ठेवावी. ती सोलली की जखम चिघळते. घाम फार गेला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट प्यावं.

तरुणपणी रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लागली पाहिजे, पंढरीत पायांवरच डोकं टेकवलं पाहिजे, असा हट्ट असतो. तो असावाच, त्या वयाला शोभतो. फक्त एकादशीच्या सुमारास पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, रात्र त्यातच जाते, हे धरून चालावं. संसारात पडलेला माणूस लेकराची नोकरी, पोरीचं लग्न असं मागणं घेऊन येतो आणि लांबूनच्या मुखदर्शनावर भागवतो. म्हातारी माणसं चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीला हात लावून, कळस बघतात. त्यांचं दर्शन तेवढ्यात होतं आणि संप्रदायात ते उणं धरत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना पुण्याच्या नावाखाली रांगेत उभं करू नका.

मुक्कामी समाजआरतीला चोपदार हरवलं-सापडलं पुकारतात तेव्हा सगळा तळ शांत होतो. सापडलेली वस्तू तिथेच जमा करायची असते.

द्वादशीला बारस, म्हणजे एकादशीचा उपास, सोडून बहुतेक जण एसटी गाठतात. ज्यांना मागायचं फारसं उरलेलं नाही ते पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला घेतात आणि त्यातले काही पालखीबरोबर चालत आळंदीला परत निघतात. या परतवारीत माणसं थोडी आणि रोजचे टप्पे लांब असतात, म्हणून पाय धड असतील तरच निघावं.