राख लावून काउंटरवर बसले तो दिवस

२०२४ ला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला होता, म्हणजे आमच्या बँकेत अर्धा स्टाफ लाल कपड्यांत, दुपारी चिकन बिर्याणी आणि केकचा प्लॅन, आणि मी कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन वसईहून अंधेरीला निघालेली. एरवी मी संध्याकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचे, राख लावली की सरळ घरी, कोणी बघायला नको. त्या दिवशी संध्याकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून पहाटेच जावं लागलं.

तसं मी ख्रिश्चन आहे हे सगळ्यांना माहितीये, आडनावच सांगतं. पण ते किती, तर डिसेंबरात "केक आण गं", गुड फ्रायडेला "हॅपी गुड फ्रायडे" (येशूच्या मरणाच्या दिवशी!), आणि कस्टमर म्हणणार "गोव्याच्या का? मराठी किती छान बोलता!" अहो वसईत पिढ्यानपिढ्या मराठीच बोलतोय आम्ही, आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तरी हा प्रश्न काही संपत नाही. मी पण हसून सोडून द्यायचे. येशूबद्दल एक शब्द कधी काढला नाही, आणि हल्ली जेवताना धर्मांतराचा विषय निघाला की मी डबा धुवायला उठते.

ट्रेनमध्ये एका ताईंनी "काळं लागलंय बघा कपाळाला" म्हणत वेट वाइप पुढे केला. आता गंमत अशी की राखेच्या बुधवारचं वाचनच बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं, उपास करता तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवत फिरू नका. म्हणजे पुसायला खुद्द येशूचीच परवानगी! पण मी पुसलं असतं ते घाबरून, हे मला पक्कं माहीत होतं. वाइप घेतला, हात पुसले, थँक्यू म्हटलं.

काउंटरवर पहिलेच पेन्शनवाले काका. "अंगारा का? कुठल्या देवाचा?" म्हटलं चर्चमधला आहे. "बरं बरं" म्हणाले आणि पासबुक सरकवलं. साहेब मात्र आले, "अगं पुढे बसतेस, पुसून घे ना ते." मी म्हटलं, "सर, काल माघी गणेश जयंतीला अर्धी ब्रँच टिळा लावून होती, तुम्हीसुद्धा. तसंच आहे हे." आवाज थरथरत होता माझा. सर म्हणाले, "असं होय, मला वाटलं प्रिंटरची शाई लागली."

दुपारी बिर्याणी नको म्हटल्यावर प्रश्न सुरू झाले. ते सोपं होतं. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात, रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, आज मटण-चिकन वर्ज्य, साबुदाणाच पाहिजे असं काही नाही, वरणभात चालतो. सगळे मजेत ऐकत होते. मग नवीन लागलेल्या एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, तुम्ही हे खरंच मानता, की घरचे करतात म्हणून?"

रीतीभाती मी तासभर सांगू शकते हो, पण हे? घास तोंडात तसाच. मग म्हटलं, खरंच मानते. येशू माझ्यासाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, मला हे खरं वाटतं, बाबा गेले तेव्हा याच्याच जोरावर मी उभी राहिले. एकजण हसला, "आता आम्हाला कन्व्हर्ट करणार वाटतं!" म्हटलं, "तिने विचारलं म्हणून सांगितलं रे, धर्म बदलायला तांदळाची गोणी नाही आणलेली मी." सगळे हसले, तोही. ती मुलगी नाही हसली, ती अजून काहीबाही विचारत होती, रोज प्रार्थना करता का, काय मागता. सांगितलं जमेल तसं.

चार वाजता आमच्यातलाच एक माझ्या टेबलापाशी आला, आडनाव अगदी नेहमीचं मराठी, वर्षानुवर्षं सोबत काम करतोय. हळूच म्हणाला, "आमच्याकडे राख लावत नाहीत." मला आधी कळेचना. तर हा नगरकडचा, ख्रिश्चनच, पण प्रोटेस्टंट! तिकडे अमेरिकन मिशन १८३१ पासून, आडनावं जुनीच राहिलेली. डिसेंबरात गावाला काम आहे म्हणून रजा टाकायचा ती ख्रिसमसची. "कोणाला बोलू नकोस पण," म्हणाला.

नाही बोलले. एवढंच विचारलं, ईस्टरला येतोस का वसईला, घरच्यांना घेऊन ये. "बघतो," म्हणाला आणि कॅश टॅली करायला गेला.